ढोल आणि डास : मुलांना ध्वनीची वारंवारता आणि उच्चनीचता शिकवताना

सहावीतल्या एका मुलीला मी पेटीवर सा दिला आणि म्हटलं, "आता वरचा सा लाव बघू." तिने तोच सा, तोच सूर, दुप्पट जोराने लावला. वर्गात कोणालाच काही चुकलंय असं वाटलं नाही. मी मात्र त्या दिवशी घरी जाईपर्यंत त्याचाच विचार करत होते, कारण चूक तिची नव्हतीच. आपण घरात काय बोलतो ते ऐका. "टीव्ही बारीक कर" म्हणजे आवाज कमी कर. "तिचा आवाज बारीक आहे" म्हणजे सूर वरचा आहे. "माझ्यासमोर आवाज चढवू नकोस", "वरच्या पट्टीत बोलू नकोस" म्हणजे ओरडू नकोस. बारीक, मोठा, वर, खाली हे चारही शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी बिनदिक्कत वापरतो, आणि मग विज्ञानाच्या तासाला अपेक्षा करतो की मुलांना आयाम (आवाजाचा जोर ठरवणारा) आणि वारंवारता (सूर ठरवणारी) यांतला फरक एका व्याख्येत कळावा.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय की हा धडा व्याख्येपासून सुरू करू नये. आधी कानाने दोन गोष्टी सुट्या करायच्या, मग हाताने, आणि आकडा सगळ्यात शेवटी. खाली दिलेला क्रम पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी आहे. तीन-चार शनिवार पुरतात. घरी एकट्या मुलाबरोबरही करता येतो.

सामान

३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, एक सायकल, जुना पत्त्यांचा कॅट, कपड्यांचे चिमटे, एक लाकडी फळी, गिटारची सर्वांत बारीक सुटी तार आणि एक जाड तार, तीन पेन्सिली, पाण्याच्या एक लिटरच्या चार बाटल्या, काचेच्या सारख्या तीन-चार बाटल्या. पेटी असेल तर उत्तम. नसेल तर फोनवर सूर ऐकवणारं एखादं ॲप चालेल.

पहिली पायरी : चार कोपरे

खोलीच्या चार कोपऱ्यांना चार नावं द्या. ढोलाचा कोपरा : मोठा आणि जाड आवाज. डासाचा कोपरा : हळू आणि बारीक. शिट्टीचा कोपरा : मोठा आणि बारीक. फ्रिजचा कोपरा : हळू आणि जाड. आता मुलांनी त्या त्या कोपऱ्यात उभं राहून "आ" म्हणायचं. ढोल आणि शिट्टी लगेच जमतात. खरी कसोटी उरलेल्या दोन कोपऱ्यांत लागते. डासाच्या कोपऱ्यात गेलेलं मूल आवाज हळू करता करता सूरही खाली आणतं, डासाकडून फ्रिजकडे घसरतं. ते घसरणं इतर मुलांनाच पकडू द्या. मग एकजण डोळे मिटून आवाज काढेल आणि बाकीचे कोपरा ओळखतील.

या खेळापासून पुढे वर्गात एक नियम पाळा. आवाज किती जोराचा आहे हे सांगायला फक्त "मोठा-हळू", आणि सूर कुठला आहे हे सांगायला फक्त "बारीक-जाड". "वरचा", "चढा" हे शब्द आठवडाभर बंद. मुलं एकमेकांना टोकायला लागतात आणि काम सोपं होतं.

दुसरी पायरी : थरथर

ही पटकन उरका, कारण मुलांना ती बहुतेक माहीत असते. गळ्यावर बोटं ठेवून "म्‌म्‌म्" म्हणायचं. पातेल्यावर प्लास्टिकचा कागद ताणून बांधायचा, वर चिमूटभर रवा टाकायचा आणि जवळ तोंड नेऊन (पातेल्याला न शिवता) मोठ्याने "ऊ" म्हणायचं. रवा उडतो. आवाज म्हणजे काहीतरी थरथरतंय, एवढंच ठसवायचं. एकदा पुढे आणि एकदा मागे जाऊन परत मूळ जागी आलं की एक दोलन झालं, हा शब्द इथेच देऊन टाका.

तिसरी पायरी : मोजता येणारी थरथर

स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला ठेवा. २५ सेंटिमीटर बाहेर, ५ टेबलावर. टेबलावरच्या भागावर जाड पुस्तक ठेवून तळहाताने घट्ट दाबा. नाहीतर पट्टी टेबलावर आपटून खडखड करते आणि मुलं त्या खडखडीलाच पट्टीचा आवाज समजतात. आता टोक खाली ओढून सोडा. पट्टी हलताना दिसते, पण सूर ऐकू येत नाही. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर चित्रण करा आणि एका सेकंदात किती दोलनं झाली ते मोजा. पट्टीच्या जाडीप्रमाणे आकडा बदलतो, साधारण दहाच्या आसपास येतो.

हा आकडाच वारंवारता. एका सेकंदातली दोलनं. एकक हर्ट्झ, १८८० च्या दशकात विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवून देणाऱ्या हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाचं.

आता बाहेरचा भाग निम्मा करा, साडेबारा सेंटिमीटर. पट्टी धूसर दिसते आणि घुमणारा जाड आवाज येतो. आणखी निम्मा केला की चांगलाच बारीक "टन्न" ऐकू येतो. इथे एक गंमत आहे. पट्टीची बाहेरची लांबी निम्मी केली की वारंवारता दुप्पट होत नाही, चौपट होते. मुलांना लगेच सांगू नका, पण हे डोक्यात ठेवा. पुढे तारेपाशी लागेल.

याच पायरीवर आणखी एक प्रयोग चुकवू नका. लांबी तशीच ठेवून पट्टी आधी हलकेच आणि मग जोरात सोडा. आवाज मोठा होतो, सूर तोच राहतो. गावातल्या झाडाला झोका असेल तर तिथे जाऊन हेच घड्याळ लावून बघा. तीन मीटर दोराच्या झोक्याला दहा झोके पूर्ण करायला ३५ सेकंदांच्या आसपास लागतात. थोडा जोर जास्त दिला तर झोका लांब जातो, पण वेळ जवळजवळ तेवढाच. किती लांब गेला हा आयाम. सेकंदाला किती वेळा गेला ही वारंवारता. झोक्यावर बसलेल्या मुलाला हा फरक अंगाने कळतो, तो फळ्यावर शिकवावा लागत नाही.

चौथी पायरी : सायकल

मला स्वतःला ही पायरी सगळ्यात आवडते, कारण इथे कुठलंही उपकरण न वापरता वारंवारता काढता येते आणि लगेच ऐकताही येते.

सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी करा. मागच्या चाकाजवळ एक पत्ता चिमट्याने असा अडकवा की त्याचं टोक तारांमध्ये येईल. पत्ता रिमच्या जवळ हवा. मधल्या भागात तारा एकमेकींवरून जातात, अंतरं असमान होतात आणि ठोके सारखे पडत नाहीत. पेडल एकच मूल फिरवेल. बाकीच्यांचे हात पाठीमागे बांधलेले. चाकात किंवा चेनमध्ये बोट जाणं ही गंभीर इजा आहे, त्यामुळे पेडलपाशी मोठं माणूस हवंच.

आधी मोजदाद. मागच्या चाकाच्या तारा मोजा. आमच्या सायकलीला ४० निघाल्या. पुढच्या दातेरी चक्राचे दात ४४, मागच्या फ्रीव्हीलचे १८. म्हणजे पेडलची एक फेरी झाली की मागचं चाक ४४ भागिले १८, जवळजवळ अडीच फेऱ्या मारतं, आणि पत्त्यावर ९८ च्या आसपास ठोके पडतात. हा हिशोब मुलांनीच वहीत करायचा. भागाकार कशासाठी शिकलो हे विचारणारी मुलं त्या दिवशी काही विचारत नाहीत.

आता घड्याळ हातात घ्या. पेडलची एक फेरी पाच सेकंदांत : सेकंदाला साधारण २० ठोके. टक्-टक्-टक् अजून सुटं सुटं लागतं, पण कडा मिसळायला लागलेल्या असतात. एक फेरी एका सेकंदात : ९८. आता टकटक उरत नाही, "घर्रर्र" असा एकसंध जाड आवाज येतो. सेकंदाला दोन फेऱ्या : जवळजवळ २००. आवाज बारीक होतो, आणि पेटीशी लावून पाहिला तर मघाच्याच सुराचा वरचा जोडीदार निघतो.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक मुलगा पेडल थांबवून म्हणाला, "बाई, म्हणजे सूर हा ठोक्यांचाच आहे?" त्याला काय उमगलं होतं ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. ठोके मोजता येतात तोवर आपण त्यांना ताल म्हणतो, मोजण्याच्या पलीकडे गेले की कान त्यांचा सूर करतो. फ्रान्समधल्या फेलिक्स साव्हार या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दातेरी चाकाला पुठ्ठा लावून असाच अभ्यास केला होता. त्याच्याही आधी, १६८१ साली, रॉबर्ट हूकने लंडनच्या रॉयल सोसायटीत दात असलेली पितळी चाकं फिरवून सूर काढून दाखवले होते.

पाचवी पायरी : तार

रबर बँडने सुरुवात करू नका. पुष्कळ पुस्तकांत डब्यावर रबर ताणायला सांगतात, पण रबर ताणलं की ताण वाढतो, लांबी वाढते आणि रबर बारीकही होतं. तीन गोष्टी एकदम बदलतात आणि कधी कधी सूर फारसा हलतच नाही. मूल गोंधळतं आणि दोष स्वतःकडे घेतं.

त्यापेक्षा फळी घ्या. एका टोकाला खिळा मारून गिटारची बारीक तार बांधा, साधारण ०.२५ मिलिमीटर जाडीची. फळीवर दोन पेन्सिली आडव्या, एकमेकींपासून ६० सेंटिमीटरवर, आणि त्यांवरून तार. दुसरं टोक टेबलाच्या कडेवरून खाली सोडून त्याला पाण्याची भरलेली एक लिटरची बाटली, म्हणजे सुमारे एक किलो वजन टांगा. तार छेडा. वारंवारता १३० हर्ट्झच्या आसपास येते, पुरुष गायक पेटीच्या काळी एक या पट्टीत जो सा लावतात त्याच्या जवळपास. तार तुटली तर उसळते, म्हणून चेहरा लांब ठेवायचा.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा.

ताण : एका बाटलीच्या जागी चार टांगा. सूर बरोबर एक सप्तक वर जातो, म्हणजे सा चा वरचा सा होतो. दोन बाटल्यांनी जात नाही, याचं मुलांना आश्चर्य वाटतं. ताण चौपट केला की वारंवारता दुप्पट. खुंटी पिळून तुणतुण्याचा सूर चढवतात तो याच तत्त्वावर, आणि आपल्या गोंधळात, तमाशात तुणतुणं प्रत्यक्ष पाहिलेलं मूल वर्गात असेल तर त्याला बोलू द्या.

जाडी : त्याच लांबीची, त्याच वजनाने ताणलेली जाड तार लावा. सूर जाड होतो. तंबोऱ्यात हे डोळ्यांनी दिसतं. चारही तारांची लांबी सारखी, पण खर्जाची तार पितळेची आणि जाड, आणि ती मधल्या जोडीच्या सा पेक्षा एक सप्तक खाली बोलते. मिरजेला तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांकडे मुलांना नेता आलं तर हा धडा दोन मिनिटांत होतो.

लांबी : इथे थांबा, भरपूर वेळ द्या. तिसरी पेन्सिल तारेखाली सरकवून लांबी कमी करायची. ३० सेंटिमीटरवर वरचा सा येतो. पट्टीला निम्म्या लांबीवर चौपट मिळालं होतं, तारेला दुप्पटच. (वाकून थरथरणारी पट्टी आणि ताणामुळे थरथरणारी तार यांचे नियम वेगळे, एवढं या वयाला पुरे.) मग फळीवर खडूने खुणा करा :

सा ६०, रे ५३.३, ग ४८, म ४५, प ४०, ध ३६, नी ३२, वरचा सा ३० सेंटिमीटर.

मुलं एकेका खुणेवर तार छेडतात आणि सरगम निघते. कोणी शिकवलेली नाही, मोजपट्टीने सापडलेली. संगीताच्या पुस्तकांत मध्य सा २४० धरून जे आकडे देतात (रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६०, ध ४००, नी ४५०, वरचा सा ४८०) ते याच लांब्यांतून निघतात. ६० च्या जागी ४० केलं की दीडपट : २४० चे ३६०. मुलांना दोन-तीन गणितं करू द्या. तारेची लांबी, ताण आणि जाडी यांचे हे नियम मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ च्या सुमारास छापले.

एक सूचना : तारेवरचा ग आणि पेटीवरचा ग तंतोतंत जुळणार नाहीत. पेटीचं सप्तक बारा सारख्या पायऱ्यांत वाटलेलं असतं, त्यामुळे तिचा ग किंचित चढा असतो. एखाद्या मुलाने "बाई, हे जुळत नाही" म्हटलं तर खूण पुसायला लावू नका. त्याचा कान चांगला आहे.

सहावी पायरी : बाटली वाजवा, बाटली फुंका

काचेच्या तीन सारख्या बाटल्या. एकीत थोडं पाणी, दुसरीत निम्मं, तिसरीत जवळजवळ भरून. चमच्याने हलकेच वाजवा. जास्त पाण्याची बाटली जाड बोलते. आता त्याच बाटल्यांच्या तोंडावरून आडवं फुंका. जास्त पाण्याची बारीक बोलते! क्रम पूर्ण उलटा.

इथे उत्तर देण्याची घाई करू नका. मी एकदा हा प्रश्न शनिवारी टाकून सोमवारपर्यंत तसाच ठेवला. एकच प्रश्न परत परत विचारा : थरथरतंय कोण? वाजवताना काच थरथरते आणि पाणी तिच्यावर ओझं होतं. ओझं जास्त, थरथर सावकाश. जलतरंग वाजवणारे वाट्यांत पाणी कमीजास्त करून सूर जुळवतात ते यावरच. फुंकताना थरथरते ती आतली हवा. पाणी जास्त म्हणजे हवेला जागा कमी, आणि थरथर जलद.

हे घरात रोज ऐकू येतं. नळाखाली कळशी लावून आई दुसऱ्या कामाला लागते आणि न बघता बरोबर वेळेला नळ बंद करते. पाणी चढतं, वरची हवा आखूड होते, आवाज बारीक होत जातो. मुलांना घरून हे डोळे मिटून ऐकून यायला सांगा.

पपईच्या पानाचा पोकळ देठ मिळाला तर त्याची पिपाणी करून कात्रीने तुकडा तुकडा कापत वाजवा. दर कापणीला सूर बारीक. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२ पासून बंदी आहे, आणि देठ तसाही जास्त चांगला वाजतो.

सातवी पायरी : आकडा आणि कान

आता फोनवर वारंवारता दाखवणारं ॲप उघडा. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं फायफॉक्स मोफत आहे आणि त्यात सूर काढायची आणि मोजायची दोन्ही सोय आहे. मुलांनी आपापला सहज लागणारा सूर मोजावा. मोठ्या पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झ, बाईचा २०० च्या आसपास, लहान मुलांचा त्याहून वर. मुलांचे स्वरतंतू आखूड आणि पातळ असतात, तारेचाच नियम. सातवी-आठवीत ज्या मुलांचा आवाज फुटत असतो ती त्या दिवशी गप्प बसतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की स्वरतंतू वाढतायत, तार लांब होतेय, एवढंच. कोणी हसलं तर तिथेच थांबवा.

मग हा प्रयोग. १०० आणि २०० हर्ट्झ ऐकवा, नंतर १००० आणि ११००. दोन्ही जोड्यांत फरक १०० चाच. पहिली जोडी सप्तकभर लांब वाटते, दुसरी अगदी शेजारी-शेजारी. १००० ला सप्तक हवं तर २००० लागतात. वारंवारता मोजायची असते आणि उच्चनीचता कानाला जाणवते, आणि कान बेरीज करत नाही, पट करतो. पाठ्यपुस्तकात दोन वेगळे शब्द दिलेत ते यासाठी.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याखालचा अवश्राव्य आणि वरचा श्राव्यातीत. फोनवर ५० हर्ट्झ लावून "मला ऐकू येत नाही" असं मूल म्हणालं तर दोष कानाचा नाही, फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून एवढा जाड सूर निघतच नाही. वरच्या टोकाला मात्र मुलांना ऐकू येतं आणि शिक्षकांना येत नाही, वयानुसार ते कमी होतं. हेडफोन लावून आणि आवाज मोठा करून ही चाचणी कधीही घेऊ नका.

जाता जाता : गल्लीतल्या डीपीची (विजेच्या ट्रान्सफॉर्मरची) घरघर लांबूनच ऐकायला सांगा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्या प्रत्येक आवर्तनात आतलं लोखंड दोनदा ताणलं जातं, म्हणून घरघर १०० हर्ट्झची. सायकलच्या पेडलची सेकंदाला एक फेरी आठवते? जवळजवळ तोच सूर.

समजलं का, हे बघायचं कसं

व्याख्या विचारू नका. पेटीवर सा द्या आणि वरचा सा हळू लावायला सांगा, मग खालचा सा मोठ्याने. विचारा : ढोल अगदी हळू वाजवला तर तो डासासारखा वाजेल का? मादी डासाचे पंख सेकंदाला ४०० ते ६०० वेळा हलतात, मधमाशीचे २३० च्या आसपास. मग डोळे मिटून दोघींपैकी कोण कानाजवळ आलं हे कशावरून ओळखाल? ढोलाला तबल्यासारखा स्वच्छ सूर का नाही, असं एखादं मूल विचारेल. त्याला तबल्याची शाई, म्हणजे पुडीवरचा (कातड्यावरचा) मधला काळा गोल, दाखवा. त्या मधल्या वजनामुळे पुडीची थरथर सुरात बसते, आणि सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहिलं होतं.

यानंतर पाठ्यपुस्तक उघडा. त्यात तरंगांच्या आकृत्या असतात. फळ्यावर दोन काढा, एक उंच आणि विरळ, दुसरी ठेंगणी आणि दाट. खडू मुलांच्या हातात द्या आणि ढोल कुठला, डास कुठला, ते त्यांनाच लिहू द्या.